शिक्षा झालेल्या नेत्याचा गार्ड काढायचा की ठेवायचा?

प्रश्न असा आहे: माजी पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष, मुख्यमंत्री किंवा मंत्री यांच्यापैकी कुणावर गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झाली, तर त्याचं सरकारी खर्चाचं संरक्षण चालू ठेवावं का? की शिक्षा झाली त्याच दिवशी काढून घ्यावं?

पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीतली अकरा वर्षं व्हीआयपी सुरक्षेत गेली. आधी स्वतः पीएसओ, म्हणजे व्हीआयपीचा वैयक्तिक अंगरक्षक, होतो, मग पीएसओंच्या ड्यूट्या लावायला लागलो आणि शेवटी, कुणाला किती संरक्षण द्यायचं ते बघणाऱ्या आढावा समितीपुढे फायली मांडायला. त्यातला एक प्रसंग आधी सांगतो.

एका माजी मंत्र्याच्या खटल्याचा निकाल होता. त्यांचा पीएसओ नेहमीसारखा दीड हातावर मागे उभा. पिस्तूल नियमाप्रमाणे बाहेर जमा. न्यायाधीशांनी शिक्षा वाचली आणि कोर्ट ड्यूटीवरचा हवालदार ताबा घ्यायला पुढे आला. त्याने साहेबांच्या दंडाला हात लावला मात्र, पीएसओचा हात आपसूक मध्ये गेला. सात वर्षांची सवय. अनोळखी माणूस साहेबांच्या अंगाशी आला की मध्ये जायचं, हेच तर त्याला शिकवलेलं. दोघंही पोलीस, दोघांच्या टोपीवर एकच बिल्ला, आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे. मग पीएसओने हात खाली घेतला. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "सर, साहेबांना कैद्यांच्या गाडीतून नेलं. त्यांच्या चष्म्याची डबी आणि बीपीच्या गोळ्या माझ्याच खिशात राहिल्या. मी आता रिपोर्ट कुठे करू?"

मला पटकन उत्तर सुचेना. त्याची ड्यूटी संपली असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं आणि चालू आहे असंही नाही.

माझं मत सरळ आहे. केवळ शिक्षा झाली म्हणून संरक्षण काढू नये. पण संरक्षणाच्या नावाखाली जो लवाजमा पोसला जातो, तो मात्र त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत बंद करावा. या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि सगळा वाद तिथेच अडकतो.

लोकांना काय दिसतं? पुढे पायलट गाडी, मागे एस्कॉर्ट, सफारीतली माणसं, थांबवलेली वाहतूक. "चोराला एवढा मान?" असं कुणी विचारलं तर त्याचं काही चुकत नाही, कारण त्याला दिसतो तो मानच असतो. पण जीव वाचवणारं काम सहसा दिसत नाही. घराला येणाऱ्या पत्रांची आणि पाहुण्यांची तपासणी, रोज बदलणारी वेळ आणि रस्ता, गुप्तवार्ता विभागाकडून आलेली दोन ओळींची माहिती, आणि माणसाजवळ डोळे उघडे ठेवून उभे असलेले दोघे. मी समितीत होतो तेव्हा अर्ज यायचे ते गाड्यांसाठी. घराच्या मागच्या भिंतीवर दिवा नाही, तिथे माणूस द्या, असा अर्ज अकरा वर्षांत एकदाही आला नाही.

हा फरक कायद्यातच करून ठेवणारा एक देश आहे, दक्षिण कोरिया. तिथे माजी राष्ट्राध्यक्षांच्या सवलतींचा वेगळा कायदा आहे. महाभियोगाने पद गेलं किंवा कैदेची शिक्षा कायम झाली की निवृत्तिवेतन जातं, सचिव जातात, कार्यालयाचा खर्च जातो. एकच गोष्ट वगळलेली आहे: आवश्यक तेवढं संरक्षण. चुन दू-ह्वान यांना बंड आणि लाचखोरीसाठी जन्मठेप झाली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, त्याच वर्षअखेर माफी मिळाली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये मरेपर्यंत त्यांच्या सोलमधल्या घरावर पोलिसांचा पहारा होता. ग्वांगजूमध्ये १९८० साली त्यांच्या राजवटीत ज्यांची माणसं सैन्याने मारली, त्यांना हा पहारा बघून काय वाटत असेल ते मी समजू शकतो. पण त्यांच्या मरणावर टपलेले लोक होते म्हणूनच तो लागत होता, हेही तितकंच खरं.

या माणसाचा जीव सरकारने का सांभाळायचा? एक कारण कायद्याचं. कैदी सरकारच्या ताब्यात असतो, त्यामुळे त्याच्या जिवाची जबाबदारीही सरकारकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला पहिलाच नियम कैद्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलतो. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९८ मध्ये ऑस्मान प्रकरणात त्याहून पुढचं सांगितलं: एखाद्याच्या जिवाला खरा आणि तातडीचा धोका आहे हे पोलिसांना माहीत असेल किंवा असायला हवं असेल, तर हात बांधून बसता येत नाही. तो माणूस कसा आहे, यावर हे कर्तव्य ठरत नाही. दुसरं कारण सरकारच्या स्वार्थाचं. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी पंधरा महिन्यांची शिक्षा दिली. ते नुसते तुरुंगात गेले, तर त्या जुलैत उसळलेल्या दंगलींत आणि लुटालुटीत तीनशेहून अधिक माणसं मेली. असा माणूस कुणी तुरुंगाच्या दारात मारला असता तर? शिवाय माजी प्रमुखाच्या डोक्यात देशाची गुपितं असतात, ती शिक्षेबरोबर पुसली जात नाहीत. त्याला पळवून नेणाऱ्याला तो दोषी की निर्दोष याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता "शिक्षा झालेला" म्हणजे नेमका कुठे असलेला? हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि आमच्या कामात सगळं त्यावरच असतं. शिक्षा झाली पण अपील दाखल, जामिनावर घरी. शिक्षा झाली आणि तुरुंगात. तुरुंगातून पॅरोलवर पंधरा दिवस बाहेर. नजरकैद. शिक्षा भोगून सुटलेला. या पाचांचा बंदोबस्त एकसारखा कसा असेल?

तुरुंगापासून सुरू करतो, कारण तिथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे. तुरुंगाच्या भिंतीच्या आत अधिकार एकाचाच हवा, तुरुंग अधीक्षकाचा. माझा पीएसओ आत गेला तर तो कुणाचं ऐकणार? अधीक्षकाचं, माझं, की सवयीने साहेबांचं? आत शस्त्र न्यायचं नाही हा तर या धंद्यातला जुना दंडक, कारण बराकीत पिस्तूल गेलं की ते कुणाच्या हातात पडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

फ्रान्सने २०२५ मध्ये नेमकं उलट केलं. माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांना लिबियाच्या पैशांच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि २१ ऑक्टोबरला ते पॅरिसच्या ला सांते तुरुंगात दाखल झाले. त्यांच्या शेजारच्या कोठडीत दोन सुरक्षा पोलीस ठेवले गेले. तुरुंग रक्षकांच्या संघटना खवळल्या: म्हणजे आम्हाला आमचं काम येत नाही? मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. धोका होता हे गृहमंत्र्यांचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही, पण त्यावरचा उपाय तुरुंगाने करायचा असतो. वेगळा विभाग, वेगळी फिरायची वेळ, तपासलेलं जेवण, निवडक रक्षक. सार्कोझी वीस दिवसांत न्यायालयाच्या देखरेखीखाली बाहेर आले, नाहीतर त्या दोन पोलिसांच्या पाळ्या किती महिने चालल्या असत्या कोण जाणे. पोलिसांनाच कैद झाली अशी थट्टा आम्हा निवृत्तांत तेव्हा चालली होती, आणि खरं सांगायचं तर ती थट्टा नव्हतीच.

पेरूची पद्धत मला जास्त शहाणी वाटते. लिमामध्ये पोलिसांच्या विशेष दलाच्या तळावरच बार्बाडिलो नावाचा छोटा तुरुंग आहे. अल्बेर्तो फुजिमोरी, अलेहांद्रो तोलेदो, ओयान्ता उमाला असे एकामागून एक माजी राष्ट्राध्यक्ष तिथे ठेवले गेले. माजी राष्ट्राध्यक्षांसाठी तुरुंग राखून ठेवावा लागतो याची त्या देशाला लाज वाटत असेल तो भाग वेगळा. सुरक्षेच्या नजरेने बघाल तर भिंत, पहारा आणि हुकूम, तिन्ही एकाच जागी. वेगळे अंगरक्षक लागतच नाहीत. ब्राझीलमध्ये लुला कुरितिबाच्या संघीय पोलिसांच्या इमारतीत कैदेत होते, तेव्हा २०१८ मध्ये एका न्यायाधीशांनी त्यांचे माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून मिळणारे सुरक्षारक्षक, गाड्या आणि चालक बंद केले. तर्क सोपा होता: माणूस चोवीस तास पोलिसांच्याच ताब्यात आहे, त्याला गाडी कशाला? वरच्या न्यायालयाने त्याच महिन्यात ते परत दिले. मला पहिल्या न्यायाधीशांचा तर्क पटतो. पण तो कैदेपुरता. लुला नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर आले, २०२१ मध्ये त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि पुढे ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा कैदेत थांबवलेलं संरक्षण सुटकेच्या दिवशी आपोआप तपासायला यावं, अशी तरतूद आदेशातच हवी.

धोका सगळ्यात जास्त असतो तो दारं बदलताना. तुरुंग ते कोर्ट, कोर्ट ते दवाखाना. यासाठी एक उदाहरण पुरे. १५ एप्रिल २०२३, प्रयागराज. माजी खासदार अतीक अहमदला जन्मठेप होऊन अठरा दिवस झाले होते. शिक्षा झाली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा संरक्षणाचा अर्ज ऐकायला नकार देऊन उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवला होता. रात्री साडेदहाच्या सुमारास पोलीस त्याला आणि त्याच्या भावाला, अश्रफला, वैद्यकीय तपासणीसाठी दवाखान्यात नेत होते. दोघं एकाच बेडीत. पुढे कॅमेरे आणि माइक. पत्रकार बनून आलेल्या तिघांनी हातभर अंतरावरून गोळ्या घातल्या आणि सगळं थेट प्रक्षेपणात दिसलं.

ते चित्रण मी पोलिसाच्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. गाडी दाराला लावून थेट आत घेण्याऐवजी माणसं उघड्यावर चालत आहेत. माइकवाले घेऱ्याच्या आत आहेत, त्यांची ओळखपत्रं कुणी पाहिलेली दिसत नाहीत. दोघांना एकाच बेडीत बांधल्यामुळे एकाला खाली दाबून ओढायचं म्हटलं तरी दुसरा अडकतो. भोवती पोलीस भरपूर आहेत, पण त्यातल्या प्रत्येकाचं लक्ष कैदी पळू नये याकडे. कैद्यावर कुणी चालून येईल, या बाजूने कुणीच उभं नाही. कैदी पार्टी आणि सुरक्षा पार्टी यांत हाच फरक. एक आत बघते, दुसरी बाहेर. शिक्षा झालेल्या मोठ्या माणसाला हलवताना दोन्ही लागतात. अतीकबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्याच्याकडून ज्या गोष्टी कोर्टात बाहेर यायच्या होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या.

आता त्याच प्रकरणाची दुसरी बाजू, कारण संरक्षण ठेवण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा तिथेच आहे. अतीकला शिक्षा झाली ती एका साक्षीदाराच्या अपहरणासाठी. तो साक्षीदार म्हणजे आमदार राजू पाल यांच्या २००५ मधल्या खुनाच्या खटल्यातला. त्यालाही दोन पोलीस दिलेले होते. २४ फेब्रुवारी २०२३ ला त्याच्या दारात तो आणि त्याचे दोन्ही पोलीस यांच्यावर हल्ला झाला आणि तिघंही गेले. महिन्याभराने निकाल लागला तो ऐकायला तो नव्हता. नेत्याला द्यायला पोलीस असतात आणि साक्षीदाराला पुरेसे नसतात, असं लोक म्हणतात तेव्हा माझ्यापाशी बचाव नसतो. भारतात साक्षीदार संरक्षण योजना आली तीच मुळी २०१८ मध्ये.

आणि एक गोष्ट मी स्वतः ऐकली आहे. जामिनावर सुटलेल्या एका नेत्याच्या दौऱ्यात आमचे चार गणवेशातले पोलीस होते. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा एक मास्तर दुसऱ्या दिवशी माझ्या कार्यालयात आला. खुर्चीवर बसला नाही. "तुमचेच पोलीस त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते साहेब. मला धमकी आली तर तक्रार कुणाकडे करू, त्यांच्याकडे?" त्या चौघांनी काहीच वावगं केलं नव्हतं, नुसते उभे होते. पण त्या गावात त्यांच्या उभं राहण्याचा अर्थ काय झाला असेल, हे मला कळायला नको होतं का? दौरा मंजूर करणाऱ्या कागदावर सही माझी होती.

तेव्हापासून माझं म्हणणं पक्कं आहे. शिक्षा झालेला माणूस जामिनावर किंवा पॅरोलवर बाहेर असेल तर त्याचे पोलीस साध्या कपड्यांत असावेत. साक्षीदार राहतात त्या भागात संरक्षित दौरा नाही. सभा, मिरवणूक, सत्कार यांसाठी बंदोबस्त मागता येणार नाही. आणि पीएसओची डायरी, म्हणजे कोण भेटलं, किती वाजता, कुठे, ती दर आठवड्याला न्यायालयात जावी. ज्याला हे नको असेल त्याने संरक्षण नाकारल्याचं लिहून द्यावं. नाकारता येतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९८५ मध्ये आपलं सीक्रेट सर्व्हिसचं, म्हणजे तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, संरक्षण स्वतःहून सोडलं आणि खासगी रक्षक ठेवले.

डायरीचा मुद्दा निघालाच आहे तर निष्ठेबद्दलही बोलतो, कारण यावर खात्यातले लोक उघड बोलत नाहीत. एका माणसाबरोबर पाच-सात वर्षं काढली की पीएसओ घरचा होतो. नातवाला शाळेत सोडतो, भाजी आणतो, सणाला त्या घरात जेवतो. माणूस म्हणून त्यात वाईट काही नाही. पण त्याच माणसाला अटक करायची वेळ आली की हाच गोडवा आडवा येतो. दक्षिण कोरियातच ३ जानेवारी २०२५ ला काय झालं ते आठवा. अधिकार थांबवलेले राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांना पकडायला तपास अधिकारी वॉरंट घेऊन गेले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलानेच साखळी करून त्यांना साडेपाच तास अडवलं. अटक व्हायला १५ जानेवारी उजाडली. त्यांना तेव्हा शिक्षा झालेली नव्हती, मान्य. पण रोग तोच. झुमांच्या बाबतीत निदान शेवट तरी नीट झाला: ७ जुलै २०२१ ला पोलिसांना दिलेली मध्यरात्रीची मुदत संपायच्या काही मिनिटं आधी त्यांचा ताफा घरातून निघाला आणि ते स्वतःहून हजर झाले.

म्हणून दोषी ठरल्याच्या दिवशी जुना सगळा गार्ड बदलावा. एकही ओळखीचा चेहरा ठेवू नये. नेता तक्रार करेल, घरचे रडतील, पीएसओलाही वाईट वाटेल. तरीही.

मग हे ठरवायचं कुणी? संसदेने एकदाच कायदा करून टाकावा, की दर प्रकरणी समितीने? अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये खासदार बेनी थॉम्पसन यांनी एक विधेयक आणलं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात शिक्षा सुनावली की सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण संपलं, असा त्याचा आशय. तुरुंगात दोन यंत्रणांचा गोंधळ नको, हे त्यामागचं कारण मला मान्य आहे, वर तेच लिहिलं. पण विधेयकाचं नाव असं जुळवलं होतं की आद्याक्षरांतून "कलंकित" या अर्थाचा शब्द व्हावा. असं नाव ठेवलं की सुरक्षेचा विचार किती आणि टोमणा किती, हे वेगळं सांगायला नको. पुढचा घटनाक्रम बघा. ३० मे २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प न्यू यॉर्कमध्ये ३४ आरोपांत दोषी ठरले. १३ जुलैला बटलरच्या सभेत गोळी त्यांच्या कानाला चाटून गेली, एक श्रोता ठार झाला. सप्टेंबरमध्ये गोल्फच्या मैदानाजवळ बंदूक घेऊन दबा धरलेला माणूस सीक्रेट सर्व्हिसलाच दिसला. १० जानेवारी २०२५ ला शिक्षा सुनावली गेली, ती कैद आणि दंड दोन्हींशिवाय. ते विधेयक मंजूर झालं असतं तर शपथविधीच्या दहा दिवस आधी, लागोपाठ दोन हल्ल्यांनंतर, त्यांचं संरक्षण काढायची वेळ आली असती. ट्रम्प आवडोत न आवडोत, असा आदेश माझ्या टेबलावर आला असता तर मी अंमलबजावणीला हरकत घेतली असती.

समितीवर सोपवायचं तर तिथेही खड्डे आहेत, कारण समिती सरकारची आणि सरकार बहुधा विरोधकांचं. राजीव गांधींचं पद १९८९ मध्ये गेलं आणि त्यांचं एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांना सांभाळणाऱ्या खास दलाचं, संरक्षण काढलं गेलं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरला त्यांची हत्या झाली. नंतर न्यायमूर्ती वर्मा आयोगाने बोट ठेवलं ते याच्यावर, की तोडीची पर्यायी व्यवस्था न करता ते संरक्षण काढलं गेलं. बेनझीर भुट्टोंच्या हत्येची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तर सरकारने आपल्या बाजूच्या माजी पंतप्रधानांना दिलेलं संरक्षण आणि बेनझीरना दिलेलं संरक्षण यांतली तफावतच मांडली. यातले राजीव गांधी तर दोषीही ठरलेले नव्हते. ज्याच्यावर शिक्षेचा शिक्का आहे त्याच्या बाजूने तर समितीत कुणी तोंडही उघडत नाही.

भारताची पद्धत, निदान कागदावर, धोक्यावर चालते. लालूप्रसाद यादव यांना चारा प्रकरणात २०१३ मध्ये पहिली शिक्षा झाली, तरी एनएसजीचे कमांडो २०१७ पर्यंत राहिले. काढले ते श्रेणी झेड प्लसवरून झेडवर आणताना, शिक्षेच्या कलमाखाली नव्हे. मला ही चौकट योग्य वाटते. फक्त त्यात दोन भर घालीन: दोषी माणसाच्या फाइलवर शेवटचा शब्द निवृत्त न्यायाधीशाचा असावा, आणि कपातीचा आदेश कधीही जाहीर होऊ नये. पंजाबमध्ये मे २०२२ मध्ये ४२४ जणांची सुरक्षा कमी केल्याची यादी बाहेर फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एका प्रसिद्ध गायकाला गाडीत गाठून मारलं. मारणाऱ्यांनी कट आधीच रचलेला असेल. पण त्यांना कुठला दिवस बरा, हे आपण का सांगायचं?

पैशांचं थोडक्यात. आठवड्याचे तास १६८. एका जागी एक माणूस सतत उभा ठेवायचा तर सुट्ट्या, आजारपण, सराव धरून पाच माणसं लागतात. म्हणजे "दोनच गार्ड" म्हणजे दहा पोलीस. हा खर्च दोषी आणि श्रीमंत माणसाकडून घ्यावा का? घ्यावा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अंबानी कुटुंबाला झेड प्लस दिलं ते त्यांच्याच खर्चाने. ब्रिटनचं मत वेगळं: प्रिन्स हॅरी यांनी पैसे भरायची तयारी दाखवली, तरी पोलीस भाड्याने मिळत नाहीत या भूमिकेवर सरकार ठाम राहिलं आणि न्यायालयाने ती उचलून धरली. ब्रिटिशांचा मुद्दा मला कळतो. पैसे देणाऱ्याला आपण मालक असल्यासारखं वाटायला लागतं. म्हणून रक्कम पोलिसांकडे न भरता कोर्टात दंडाबरोबर वसूल व्हावी, आणि थकली तरी गार्ड हलवू नये, जप्ती करावी. चुन दू-ह्वान यांच्याकडून २२० अब्ज वॉनहून जास्त वसुली व्हायची होती आणि ते म्हणाले, माझ्याकडे २ लाख ९० हजार वॉनच आहेत. अशा माणसाच्या दारातला पहारा मी काढणार नाही, पण त्याच्या घरातली खुर्ची न् खुर्ची मोजायला माणूस पाठवीन.

त्या पीएसओचं राहिलं. त्याला मी सांगितलं, तुरुंगाच्या दारावर जा, डबी आणि गोळ्या जमा कर, पावती घे, डायरीत लिही आणि मुख्यालयाला हजर हो. त्याने तसंच केलं. चौदा महिन्यांनी ते माजी मंत्री अपिलात जामिनावर सुटले. धोक्याचा अहवाल नव्याने मागवला. एका जुन्या टोळीचा राग अजून होता, म्हणून दोन माणसं दिली, दोन्ही नवी, साध्या कपड्यांत. पायलट गाडी नाही. चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. माणसं पुरेशी आहेत की नाहीत, याबद्दल एक अक्षर नाही. गाडीबद्दल मात्र वीस मिनिटं बोलले.